आमच्या घरात इंटरनेट का नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, पंचवीस वर्षं ज्याच्या डब्यातली चटणी खाल्ली त्या मित्रालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — असं म्हणालो असतो. पण कुणी सांगावं, ओळखतही असाल. मूल लातूरला शिकायला ठेवलं असेल, तर एखाद्या पालक मेळाव्यात तुम्ही मला ऐकलंही असेल. घरात इंटरनेट नसलेले सर — तो मीच.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. पण गेली काही वर्षं लोक मला बोलावतात ते गणितासाठी नाही. ट्यूशन एरियातल्या कुठल्यातरी हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, मुरुडकडून, निलंग्याकडून, पार देगलूरकडून आलेले आई-बाप बसलेले असतात. कित्येक आया तर गाव सोडून इथंच खोली करून राहिलेल्या — पोराला ताजी भाकरी मिळावी म्हणून. त्या माझ्याकडं अशा बघतात, की मला उगाच घसा साफ करावा लागतो. मी सांगतो, मुलगी अकरावीला असताना आम्ही घरातलं इंटरनेट काढलं, ते पुन्हा घेतलंच नाही. मुलीचं लक्ष लागायला लागलं, झोप सुधारली, घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून जेवायला लागली. आज मुलगी नांदेडला डॉक्टर होतेय. टाळ्या होतात. मागच्या रांगेत एखादी बाई वहीत लिहून घेत असते.

ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. हीच तर अडचण आहे. धडधडीत खोटं असतं, तर कधीतरी कुणी पकडलं असतं आणि मी सुटलो असतो.

इंटरनेट का काढलं, ते मात्र मी सांगत नाही. कुणी विचारतही नाही. सगळ्यांना वाटतं, कारण उघडच आहे.

आधी शालनबद्दल सांगायला पाहिजे. शालन माझी बायको. तिचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा ती अकरावीत होती, लातूरला मुलींच्या वसतिगृहात — म्हणून वाचली. आई, वडील आणि धाकटा भाऊ घरात होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. एवढं सांगितलं, की आमच्या भागात पुढचं कुणी विचारत नाही. तिला गावात नेलं ते तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. तिनं कुणाचं तोंड पाहिलं नाही. घरातला एक फोटोसुद्धा हाती लागला नाही. पुढं नवं गाव वसलं ते दुसऱ्याच जागी, सरळ रस्ते, ओळीनं सारखी घरं. ते तिला कधी आपलं वाटलं नाही. औशाच्या मामांनी तिला सांभाळलं आणि पाच-सहा वर्षांनी मला दिली.

लोकांनी तेव्हा माझं कौतुक केलं. भूकंपातली पोरगी केली म्हणून. मी वरवर म्हणायचो, त्यात काय एवढं. आतून — आवडायचं मला ते. शेजारी कुणी नवा माणूस आला, की ही गोष्ट त्याला कळेपर्यंत मला चैन पडायचं नाही.

लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली तरी शालन गावाबद्दल बोलली नव्हती. सुरुवातीला मी विचारायचो. ती म्हणायची, काय सांगायचं त्यात, आणि उठून कामाला लागायची. मग मी विचारणं सोडलं. ती ज्याच्याजवळ गप्प बसू शकते असा एक माणूस मी आहे, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं. मोठं वाक्य आहे ना? मला अशी वाक्यं जमतात.

वैष्णवी, आमची एकुलती एक, अकरावीत गेली. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी सुरू झाली आणि तिच्या सराव परीक्षांसाठी आम्ही घरात इंटरनेट घेतलं. केबलवाल्यानं हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन शिंगांचा डबा ठोकून दिला. माझा एक जुना फोन पडून होता, तो शालननं घेतला. तिला त्यात कार्ड नको होतं. घरातल्या इंटरनेटवर चालायचा तेवढा तिला बास होता.

पंधरा दिवसांत तिला तिचं गाव सापडलं.

विठ्ठल नावाचा तिच्या गावचा एक जण सोलापूरला शिवणकाम करतो. त्यानं जुन्या गावच्या, पांगलेल्या माणसांचा ग्रुप काढला होता. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, कुणी धर्माबादला. मामेबहिणीनं शालनला त्यात घातलं. आणि ही माणसं तिथं काय करत होती? गाव काढत होती. आठवणीतून नकाशा. कुणाच्या घराला लागून कुणाचं घर, आड कुठं, पिठाची गिरणी कुठं, वेशीतून आत आलं की आधी कुणाची ओसरी. एक जण सांगायचा, दुसरा चूक काढायचा, दोन दिवस वाद चालायचा. शालननं माझ्या कपाटातला आलेखाच्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाव आखायला घेतलं. मी तिला कधी पेन्सिल धरलेलं पाहिलं नव्हतं. रेघ चांगली सरळ काढायची.

आणि केवळाकाकू. धर्माबादला लेकीकडं राहणारी, पंच्याऐंशीच्या घरातली म्हातारी. शालनच्या घराला भिंत लागून तिचं घर होतं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी शालनच्या आईजवळ बसलेली, आणि त्यातून वाचलेली, अशी ती एकटीच. रोज दुपारी तीन वाजता तिची लेक तिच्यापुढं फोन धरायची, आणि ह्या दोघी बोलायच्या.

मी कॉलेजातून साडेतीन-चारला यायचो. पहिल्यांदा ते बोलणं कानावर आलं तेव्हा मला वाटलं, घरी कुणी पाहुणी आलीय. कारण तो शालनचा आवाज नव्हता. म्हणजे होता — पण मी तो कधी ऐकला नव्हता. भरभर, ठसक्यात, गावाकडचं बोलणं. "तसं न्हाई काकू, गिरणी वरल्या अंगाला हुती, म्या काय इसरले का?" आणि हसणं. माझ्या घरात ती तशी कधी हसली नव्हती.

मी आत गेलो की ती म्हणायची, काकू, हे आले बरं का, उद्या बोलू. फोन ठेवायची, चहा टाकायची. लपवत काहीच नव्हती. पण मला काय हवं, साखर कमी टाकू का, हे विचारेपर्यंत तो आवाज निघून गेलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय? मीही स्वतःला तेच विचारायचो. दुसरा कुणी पुरुष असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण दात नसलेली एक म्हातारी आणि जमिनीला मिळालेलं एक गाव — ह्यांचा हेवा करणाऱ्या माणसानं कुणापुढं जाऊन बोलावं? माझंच घर मला अपुरं पडायला लागलं. चार ते पाच मी बाहेर काढायला लागलो, कधी कॉलेजच्या वाचनालयात, कधी स्टँडसमोरच्या हॉटेलात. माझ्याच घराच्या दाराशी मी चपला जरा जोरात काढायला लागलो, आत कळावं म्हणून.

एका दुपारी मी लवकर आलो. शालन टेबलाशी बसून रडत होती. हुंदके नव्हते, डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं आणि चेहरा मोकळा होता. मी घाबरून विचारलं, काय झालं. ती म्हणाली, आई त्या संध्याकाळी कोणतं लुगडं नेसली होती ते काकूनं सांगितलं. हिरवं. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. म्हणालो, मलाही सांग की सगळं.

"तुम्हाला न्हाई कळायचं ते," ती म्हणाली.

रागानं नाही. दुखवायलाही नाही. खरं होतं म्हणून म्हणाली. मी उठलो, तोंड धुतलं, हॉलमध्ये आलो आणि टीव्हीच्या वरच्या त्या डब्याकडं बघत उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही.

दिवाळी झाल्यावर वैष्णवीची चाचणी झाली. गुण कमी आले. फार नाही, पण कमी. पोरगी खोलीत दार लावून बसली होती. शालन भाकऱ्या करत होती. मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि बोललो. ते वाक्य मी आधीपासून तयार करत होतो का? नाही, असं म्हणवत नाही.

"वैष्णवी म्हणत होती, दुपारी आईच्या फोनवरच्या बोलण्यानं लक्ष लागत नाही. तुला तोंडावर कसं सांगू म्हणाली."

शालनचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती तिनं उलटली. माझ्याकडं न बघता विचारलं, "कवा म्हणली?"

"सोमवारी."

वैष्णवी तसं काही म्हणाली नव्हती. सोमवारी नाही, कधीच नाही. उलट एकदा माझ्या गाडीवर मागं बसून क्लासला जाताना ती मला म्हणाली होती, पप्पा, आई हल्ली किती छान हसते ना.

हे सांगायला मी इतका वेळ का लावला? कारण सांगून टाकलं की ते किरकोळ दिसतं. एक वाक्य आणि एक वार — सोमवार. लोक ह्याहून मोठी पापं करतात, असं मनात येतं. मी ते मनात पुष्कळ वेळा येऊ दिलं आहे.

आणि मी तिथंच थांबलो नाही. म्हणालो, हे तिच्यापाशी काढू नकोस, आधीच ताणात आहे, तिला अपराधी वाटेल. शालन म्हणाली, न्हाई काढत. आयुष्यात तिनं दिलेला शब्द मोडलेला मी पाहिलेला नाही. ते मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी तिनं ग्रुपवर कळवलं, की लेकराची परीक्षा होईस्तोवर बोलणं होणार नाही, काही तातडीचं असलं तर आमच्या सरांना सांगा. आणि माझा नंबर दिला. केवळाकाकूला म्हणाली, परीक्षा झाली की धर्माबादला येऊनच बसते तुझ्यापाशी, मग सगळं सांग. नंतर तिनं स्वतःच्या हातानं त्या डब्याची पिन काढली. मी काढायला सांगितलं नव्हतं — हे मी पुढं स्वतःला किती वेळा ऐकवलं. आलेखाचे कागद तिनं गुंडाळून पिशवीत घातले, फोन माझ्या हातात दिला आणि साधा बटणांचा फोन वापरायला लागली. दुसऱ्या दिवशी केबलवाला येऊन डबा घेऊन गेला.

वैष्णवी थोडी कुरकुरली. तिला म्हटलं, लक्ष विचलित होतं म्हणून काढलं, तुझ्या प्रश्नपत्रिका मी कॉलेजातून छापून आणीन. आणल्या. माझ्या खिशातल्या फोनमध्ये मात्र इंटरनेट होतं. कॉलेजच्या कामाला लागतं, असं मी म्हणालो. कुणी काही म्हटलं नाही.

आणि मग घर खरंच सुधारलं. हे मान्य केलं पाहिजे. वैष्णवी दहाला झोपायची आणि पाचला आपणहून उठायची. जेवायला तिघं एकत्र बसायचो. शनिवारी कॅरम. माझी वर्षानुवर्षांची डोकेदुखी कमी झाली. संध्याकाळी शालन गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसायची. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त रविवारी मी घरी असलो की बघायचो — दुपारी तीनच्या सुमाराला ती हात पुसत हॉलमध्ये यायची, जरा वेळ उभी राहायची, आणि काही काम आठवल्यासारखं करून परत जायची. मी पेपर तोंडापुढं धरायचो. कुणी पाहुणा म्हणाला, किती शांत घर आहे हो तुमचं, की मला वाटायचं उठून खिडकी उघडावी. उघडीच असायची.

वैष्णवी बारावीत गेली, त्या वर्षीची संक्रांत होऊन गेली होती. कॉलेजच्या आवारात असताना विठ्ठलचा फोन आला. केवळाकाकू अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "शालनताईची लई आठवण काढायलीय, सर. तिच्या आईचं काहीतरी सांगायचं हाय म्हणती. दुसऱ्या कुणाला सांगत न्हाई. एकदा तेवढं बोलणं करून द्या."

"हाव, सांगतो," मी म्हणालो.

फोन माझ्या हातात होता. घरी जायचं, शालनला द्यायचा, पाच मिनिटं. त्याला केबलवाला लागत नव्हता, डबा लागत नव्हता. वैष्णवीच्या परीक्षेला चार महिने होते, आणि आई एका मरणाऱ्या म्हातारीशी बोलली म्हणून कुणाची डॉक्टरकी हुकत नाही. मला हे सगळं तिथं उभ्या उभ्याच कळत होतं.

घरी गेलो. चहा प्यालो. शालननं विचारलं, आज उशीर? म्हणालो, मीटिंग होती. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काल का नाही सांगितलं ते सांगावं लागेल. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागलं असतं. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी विठ्ठलचा निरोप आला, की काकू गेली.

का नाही सांगितलं? भीतीनं. तो आवाज एकदा घरात आला की पुन्हा जाणार नाही, ही एक भीती. आणि दुसरी — फोन ठेवताना शालन सहज वैष्णवीला म्हणेल, पाचच मिनिटं बोलले बाई, तुझा अभ्यास न्हाई ना मोडला? आणि वैष्णवी म्हणेल, माझा अभ्यास कधी मोडला होता?

परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात, मी शालनला सांगितलं. काकू गेल्या म्हणे, आजच कळलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, मी पुढच्या आठवड्यात जाणार होते. मग पाण्याचा तांब्या भरायला घेतलेला होता, तो भरला.

वैष्णवीचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला. ती जात होती त्या क्लासनं यशस्वी मुलांचा सत्कार ठेवला, आई-वडिलांसह. सूत्रसंचालकानं शालनपुढं माइक धरला, म्हणाला, आईचा त्याग सांगा. ती कधी माइकवर बोललेली नव्हती. म्हणाली, "म्या काय केलं? निस्ता फोन सोडला. माझ्या बोलण्यानं पोरीचं लक्ष लागत नव्हतं. तिनं तिच्या पप्पांना सांगितलं, म्हणून मला कळलं तरी."

हॉलभर टाळ्या झाल्या. वैष्णवी गळ्यात हार घालून तिच्या शेजारी उभी होती. तिनं आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी टाळ्या वाजवत होतो. तसाच वाजवत राहिलो.

प्रवेशासाठी मी वैष्णवीला घेऊन एस.टी.नं नांदेडला निघालो. अहमदपूर मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "पप्पा, मी तसं म्हणाले होते का? आईच्या फोनचं?"

बघा, ही वेळ होती. गाडी अर्धी रिकामी. शालन सोबत नव्हती. पोरगी अठरा वर्षांची, शहाणी. नाही बाळा, मी खोटं बोललो — एवढंच म्हणायचं होतं. दीड वर्ष मी ज्यात अडकून पडलो होतो, त्यातून तिनं मला हात धरून बाहेर काढलं असतं.

"म्हणाली होतीस," मी म्हणालो. "ताणात होतीस तेव्हा. तुझ्या लक्षात नसेल."

ती आठवत बसली. कपाळाला आठ्या घालून, खरोखर शोधत होती. मी शेजारून बघत होतो. लोहा आलं तेव्हा म्हणाली, "असेल. त्या वेळचं मला बरंच आठवत नाही."

शालनशी मी खोटं बोललो, ते एक. पण ह्या पोरीच्या डोक्यात, तिथं कधी नसलेली गोष्ट मी नेऊन ठेवली. आणि तिनं स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला — बाप म्हणून.

त्या सत्कारानंतर मला मेळाव्यांची बोलावणी यायला लागली. मी गेलो. एकदा भाषण झाल्यावर एक बाई थांबली. अहमदपूरकडची, मुलासाठी लातूरला खोली करून राहिलेली, नवरा शेतावर. म्हणाली, "सर, तुमचं मागं ऐकलं आन् म्या बी मोठा फोन बंद करून ठेवला. मालकांचं तोंड दिसायचं त्याच्यावर रोज. आता आठ दिवसाला निस्तं बोलतो." तक्रार नव्हती, तिला शाबासकी हवी होती. मी दिली. म्हणालो, फळ मिळेल तुम्हाला. रस्त्यात गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो थोडा वेळ. मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या मेळाव्याला हो म्हणालो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी शालन वैष्णवीकडं नांदेडला गेली, आणि दोघी रेल्वेनं धर्माबादला जाऊन आल्या. शालन मलाही चला म्हणाली होती. मी म्हणालो, जादा तास आहेत. नव्हते.

परत आल्यावर ती गवार मोडत बसली आणि सांगायला लागली. काकूची लेक भेटली. काकूनं शेवटच्या दिवसांत सारखं शालनचं नाव घेतलं. काय सांगायचंय ते लेकीनं हर तऱ्हेनं विचारलं, पण काकूचं एकच — ते शालनचं हाय, तिलाच सांगीन. आता ते कुणालाच माहीत नाही.

मग म्हणाली, "विठ्ठलनं तुम्हाला फोन केलता म्हणं. काकू हुती तवाच."

"हो."

ती वाट बघत होती. शेंग हातात तशीच.

"परीक्षा होती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. म्हणाली, बरोबर हाय, पोरीपेक्षा काय मोठं. तुम्हाला एकट्याला ते मनात ठेवून वागावं लागलं. आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

मग तिनं दुसरं सांगितलं. धर्माबादच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना वैष्णवी एकदम रडायला लागली. म्हणाली, आई, मी तेव्हा तसं म्हणाले नसते तर तुझं बोलणं झालं असतं. मला माफ कर. शालननं तिला जवळ घेतलं, लेकरू हुतीस तू म्हणाली. "लई मनाला लावून घेतलंय तिनं," शालन मला म्हणाली. "तुम्ही समजावा एकदा."

मी समजावलं. फोनवर, चांगलं वीस मिनिटं. तुझा त्यात काही दोष नाही, असं मी तिला चार-पाच वेळा सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही चांगले आहात म्हणून असं म्हणता.

ह्याला आता तीन-चार वर्षं झाली. मधल्या काळात तो ग्रुपही थंडावला. त्यातली जुनी माणसं एकेक करून गेली. आलेखाच्या कागदांवरचं गाव अर्धंच आहे. शालननं ती पिशवी पुन्हा सोडली नाही. मेळाव्यांना मी अजून जातो.

परवा वैष्णवी सुट्टीला आली होती. इंटर्नशिप सुरू झालीय तिची. पहिल्या कमाईतून आईला नवा फोन घेऊन आली, आत इंटरनेटचं कार्ड घालूनच. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आई, आता कुणाचा अभ्यास नाही की कुणाला त्रास नाही, मनसोक्त बोल. शालननं खोकं उघडलं, काचेवरून बोट फिरवलं आणि खोकं बंद केलं.

"आता कुणाशी बोलू?" ती म्हणाली.

वैष्णवीनं मान खाली घातली. मी समोरच बसलो होतो.